सर्व्हिस सेंटरचं बिल इतकं मोठं का येतं? शोरूम, लोकल गॅरेज आणि चाकणमध्ये बनणाऱ्या पार्टचा पूर्ण हिशोब

पिंपरी-चिंचवड आणि चाकणच्या पट्ट्यात गाड्या बनतात हे सगळ्यांना माहीत आहे. पिंपरीत टाटा मोटर्स, आकुर्डी-चाकणला बजाज, चाकणला महिंद्रा, फोक्सवॅगन आणि मर्सिडीज. या कंपन्यांना शॉक अ‍ॅब्सॉर्बर, बेअरिंग, बॅटरी, ब्रेक, क्लच, कास्टिंग पुरवणारे कारखानेही इथेच. चिंचवडला एसकेएफचं बेअरिंग बनतं, कुरुळीला गॅब्रिएलचे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बनतात, चिंचवडलाच एक्साइडची बॅटरी बनते. भोसरीत तर गल्लीगल्लीत लेथ मशीन चालतात.

तरीही इथल्याच कंपनीत शिफ्टला जाणारा माणूस गाडी सर्व्हिसिंगला टाकतो आणि बिल बघून गार पडतो. जो पार्ट घरापासून पाच-दहा किलोमीटरवर बनतो, तोच कंपनीच्या खोक्यातून आला की महाग का होतो? बाहेरच्या गॅरेजला गेलो तर वॉरंटी खरंच जाते का? आणि कुठलं काम कुठे करावं?

एक एक मुद्दा बघू.

या प्रश्नावर देशात मोठा खटला झालेला आहे

२०११ साली एका ग्राहकाने भारतीय स्पर्धा आयोगाकडे तक्रार केली. तक्रार होती होंडा, फोक्सवॅगन आणि फियाट या तीन कंपन्यांविरुद्ध. यातल्या फोक्सवॅगनचा कारखाना चाकणला आणि फियाटचा रांजणगावला, म्हणजे तीनपैकी दोन पुणे जिल्ह्यातल्याच.

तक्रार साधी होती. या कंपन्या आपले ओरिजिनल सुटे भाग खुल्या बाजारात विकत नाहीत. बिघाड शोधायची यंत्रं आणि तांत्रिक माहिती बाहेरच्या गॅरेजला देत नाहीत. त्यामुळे ग्राहकाला अधिकृत सर्व्हिस सेंटरलाच जावं लागतं आणि तिथे मागतील ते पैसे मोजावे लागतात.

आयोगाने चौकशी सुरू केली तेव्हा लक्षात आलं की हा प्रकार तीन कंपन्यांपुरता नाही. चौकशी वाढत गेली आणि २५ ऑगस्ट २०१४ रोजी आयोगाने १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४४ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंड होता सरासरी उलाढालीच्या २ टक्के. सगळ्यात मोठी रक्कम टाटा मोटर्सच्या वाट्याला आली, सुमारे १,३४६ कोटी. मारुतीला सुमारे ४७१ कोटी, महिंद्राला सुमारे २९२ कोटी. मर्सिडीज आणि फोक्सवॅगनही यादीत होत्या.

आयोगाचं म्हणणं समजून घेण्यासारखं आहे. गाडी घेताना बाजारात भरपूर कंपन्या आहेत, तुम्ही हवी ती निवडू शकता. पण एकदा गाडी घेतली की तिचा दरवाजा, तिचा हेडलाइट, तिचा सेन्सर फक्त त्याच कंपनीकडे मिळतो. म्हणजे गाडीच्या बाजारात स्पर्धा आहे, पण त्या गाडीच्या सुट्या भागांच्या बाजारात प्रत्येक कंपनी एकटीच राजा आहे. त्या जागेचा गैरवापर झाला, असा आयोगाचा निष्कर्ष होता.

पुढे कंपन्या अपिलात गेल्या. डिसेंबर २०१६ मध्ये अपिलीय न्यायाधिकरणाने टोयोटा, फोर्ड आणि निसान यांच्या अपिलात मूळ निष्कर्ष कायम ठेवले, मात्र दंड मोजायची पद्धत बदलून रक्कम कमी केली. काही कंपन्यांनी हायकोर्टात वेगळी लढाई लढवली. पण ग्राहकाच्या दृष्टीने दंडापेक्षा महत्त्वाचा भाग आहे तो आयोगाने दिलेल्या निर्देशांचा. त्याकडे वॉरंटीच्या मुद्द्यात येऊच.

पार्ट चाकणचाच, मग किंमत वेगळी का?

कार कंपनी गाडीतले बहुतेक भाग स्वतः बनवत नाही. ते पुरवठादारांकडून येतात. एकाच कारखान्यातून निघालेला पार्ट तीन वाटांनी बाहेर पडू शकतो.

पहिली वाट थेट असेंब्ली लाइनवर. तिथे लाखोंच्या संख्येने खरेदी असते, त्यामुळे दर अगदी कमी असतो.

दुसरी वाट कार कंपनीच्या सुट्या भागांच्या विभागाकडे. तिथे पार्टवर कंपनीचं लेबल लागतं, कंपनीचा खोका येतो, मग गोदाम, वितरक, डीलर असा प्रवास होतो. प्रत्येक टप्प्यावर नफा जोडला जातो. काउंटरवर येईपर्यंत लाइनवरच्या दराशी या किमतीचा फारसा संबंध उरत नाही.

तिसरी वाट पुरवठादाराच्या स्वतःच्या ब्रँडने खुल्या बाजारात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर, क्लच, बेअरिंग, फिल्टर, बॅटरी, बल्ब, वायपर हे असे मिळतात. नाना पेठेतल्या ऑटो स्पेअर्सच्या दुकानात गेलात तर हाच माल दिसेल.

मग सगळेच पार्ट तिसऱ्या वाटेने का मिळत नाहीत? कारण अनेक भागांचं डिझाइन आणि साचे कार कंपनीच्या मालकीचे असतात. करारात अट असते की हा पार्ट बाहेर विकायचा नाही. बॉडीचे पत्रे, डॅशबोर्ड, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट यांना म्हणूनच सहसा दुसरा पर्याय नसतो. स्पर्धा आयोगाने बोट ठेवलं होतं ते याच करारांवर.

दुकानात पार्ट मागताना हे चार प्रकार लक्षात ठेवा

१. कंपनीचा ओरिजिनल. कार कंपनीच्या खोक्यात, पार्ट नंबर आणि एमआरपीसह. सगळ्यात महाग, पण बसण्याची चिंता नाही.

२. पुरवठादाराचा ओरिजिनल. तोच कारखाना किंवा त्याच दर्जाचा मोठा ब्रँड, फक्त कार कंपनीचा लोगो नाही. बचतीसाठी सगळ्यात चांगला पर्याय हाच.

३. लोकल. कुठल्यातरी छोट्या युनिटने बनवलेला. दर्जा कमी-जास्त. रबरी मॅट, मडफ्लॅप, सीट कव्हर अशा गोष्टींना चालतो. ब्रेक, स्टेअरिंग, सस्पेन्शनला घेऊ नये.

४. डुप्लिकेट. नामांकित ब्रँडचा नकली खोका. हा स्वस्त पार्ट नाही, ही फसवणूक आहे. छपाई पुसट, होलोग्राम नाही, क्यूआर कोड स्कॅन होत नाही, दुकानदार बिल द्यायला टाळाटाळ करतो, ही त्याची लक्षणं.

लोकल आणि डुप्लिकेट यांत गल्लत करू नका. लोकलवाला निदान आपलं नाव लावून विकतो.

बिल नेमकं कुठे फुगतं?

सर्व्हिस सेंटरच्या बिलात तीन भाग असतात. पार्ट आणि ऑइल, लेबर, आणि 'एक्स्ट्रा'. लोक पहिल्या दोनवर वाद घालतात, पण पैसे बहुतेक वेळा तिसऱ्यात जातात.

थ्रॉटल बॉडी क्लीनिंग, इंजिन फ्लश, ऑइलमध्ये टाकायचं अ‍ॅडिटिव्ह, एसीचं जंतुनाशक, अंडरबॉडी कोटिंग, इंटिरिअर क्लीनिंग, हेडलाइट पॉलिश. यातलं काही कधीकधी गरजेचं असतं. पण दर सर्व्हिसिंगला सगळं गरजेचं नसतं. अनेक ठिकाणी सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरला या कामांचं टार्गेट असतं, त्यामुळे तो सुचवणारच.

एक उदाहरण घेऊ. आकडे फक्त हिशोब समजण्यापुरते आहेत. समजा ऑइल आणि फिल्टर २,८०० रुपये, लेबर १,८०० रुपये आणि एक्स्ट्रा कामं ३,४०० रुपये. बेरीज ८,०००. त्यावर १८ टक्के जीएसटी १,४४०. बिल ९,४४० रुपये. एक्स्ट्रा कामं काढली तर तेच बिल ५,४२८ रुपये होतं. गॅरेज न बदलता, फक्त 'नको' म्हटल्याने ४,०१२ रुपये वाचले.

म्हणून गाडी देताना मालकाच्या पुस्तिकेतला मेंटेनन्सचा तक्ता उघडा. किती किलोमीटरला काय बदलायचं हे त्यात लिहिलेलं असतं. तक्त्यात नसलेलं काम सुचवलं तर 'का' विचारा आणि खराब झालेला भाग दाखवायला सांगा.

'फ्री सर्व्हिस' या शब्दाचाही अर्थ समजून घ्या. फ्री म्हणजे लेबर फ्री. ऑइल, फिल्टर, कूलंट यांचे पैसे लागतातच.

जीएसटीचा एक बदल ग्राहकाच्या फायद्याचा झाला आहे. पूर्वी बऱ्याच सुट्या भागांवर २८ टक्के कर होता. २२ सप्टेंबर २०२५ पासून वाहनांच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के आहे. बिलात जुना दर लागला असेल तर लगेच विचारा. छोटं गॅरेज जीएसटीच्या मर्यादेखाली असेल तर लेबरवर कर लागत नाही, हेही स्वस्ताईचं एक कारण असतं.

'असेंब्ली बदलावी लागेल'

लोकल गॅरेजमध्ये खरी मोठी बचत सर्व्हिसिंगमध्ये होत नाही, ती दुरुस्तीत होते.

सर्व्हिस सेंटरची पद्धत भाग बदलायची असते. सेल्फ मारला तरी गाडी सुरू होत नाही, निदान झालं की सेल्फ मोटर गेली, मग अख्खी मोटर नवीन. त्यांच्या बाजूने बघितलं तर हे समजण्यासारखं आहे. नवीन भागावर त्यांना हमी देता येते आणि काम ठरलेल्या वेळेत संपतं.

पण सेल्फमध्ये बऱ्याचदा कार्बन ब्रश झिजलेले असतात. अल्टरनेटरमध्ये बेअरिंग किंवा रेग्युलेटर गेलेला असतो. ऑटो इलेक्ट्रिशियनकडे हे खोलून फक्त खराब तुकडा बदलता येतो. रेडिएटर, एसीचा कॉम्प्रेसर, स्टेअरिंग रॅक, पॉवर विंडोची मोटर यांचंही तसंच. ब्रेकच्या डिस्कवर चरे पडले असतील आणि जाडी कंपनीने दिलेल्या मर्यादेत असेल तर लेथवर घासून ती वापरता येते. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीत असं काम करणारे कारागीर सहज सापडतात. कारखान्यांमुळे इथे लेथ, वेल्डिंग, वाइंडिंग यांची कामं पिढ्यान्पिढ्या चालत आली आहेत. हा या भागातल्या गाडीमालकाचा फायदाच आहे.

मात्र एअरबॅग, एबीएस युनिट, सीटबेल्ट यांची अशी दुरुस्ती करायची नाही. इलेक्ट्रिक गाडीची हाय-व्होल्टेज बॅटरी आणि केबल यांना बाहेर हात लावू द्यायचा नाही. हायब्रिडचंही तेच. इथे वाचलेले पैसे जिवावर बेतू शकतात.

बाहेर काम केलं तर वॉरंटी जाते का?

सगळ्यात जास्त भीती याचीच घातली जाते. स्पर्धा आयोगाने २०१४ च्या आदेशात म्हटलं होतं की, ग्राहक बाहेरच्या गॅरेजला गेला एवढ्याच कारणाने संपूर्ण वॉरंटी रद्द करण्याची सरसकट अट कंपन्यांनी घालू नये. बाहेरच्या चुकीच्या कामामुळे जे नुकसान झालं, तेवढ्यापुरतीच वॉरंटी नाकारता येईल. सुट्या भागांच्या किमती आणि उपलब्धता लोकांसमोर ठेवा, बाहेरच्या गॅरेजना पार्ट आणि निदानाची साधनं मिळू द्या, असंही त्यात होतं.

म्हणजे बाहेरून वायपर बदलला म्हणून गिअरबॉक्सची वॉरंटी नाकारणं या तत्त्वात बसत नाही. पण बाहेरच्या मेकॅनिकने वायरिंग कापून म्युझिक सिस्टिम लावली आणि त्याच वायरिंगमध्ये शॉर्ट झाला, तर कंपनी नकार देऊ शकते.

अमेरिकेत १९७५ च्या मॅग्नसन-मॉस कायद्याने हेच तत्त्व आणलं. आपल्याकडे केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये 'राइट टू रिपेअर' म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं पोर्टल सुरू केलं. त्यात वाहन क्षेत्राचाही समावेश आहे.

तरी व्यवहारात एक गोष्ट खरी आहे. वॉरंटी चालू असताना ठरलेल्या सर्व्हिस वेळेवर झाल्याची नोंद नसेल तर दावा करताना वाद होतो. वाद जिंकता येतो, पण तोवर गाडी उभी राहते. म्हणून वॉरंटीच्या काळात ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रात, एक्स्ट्रा कामं वजा करून, हा मधला मार्ग बरा.

कुठलं काम कुठे?

अधिकृत केंद्रात: वॉरंटीतलं कुठलंही काम, कंपनीने परत बोलावलेल्या गाडीची मोफत दुरुस्ती, एअरबॅग, एबीएस, ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, सॉफ्टवेअर अपडेट, इलेक्ट्रिक आणि हायब्रिडची मुख्य यंत्रणा, विम्यातलं मोठं अपघाती काम.

चांगल्या लोकल गॅरेजमध्ये: वॉरंटी संपल्यावर ऑइल-फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच, सस्पेन्शन, सेल्फ-अल्टरनेटर, एसी, किरकोळ डेंटिंग-पेंटिंग.

खास दुकानात: टायर, बॅटरी, व्हील अलाइनमेंट, काचा. टायर आणि बॅटरीची वॉरंटी त्या ब्रँडची असते, ती सर्व्हिस सेंटरमधून घेतली तरच मिळते असं नाही.

घरी: एअर फिल्टर, केबिन फिल्टर, वायपर, बल्ब, टायरमधली हवा. बऱ्याच गाड्यांचा एअर फिल्टर हाताने किंवा एका स्क्रूड्रायव्हरने निघतो.

चाकणच्या रस्त्यावरची गाडी वेगळी असते

पुस्तिकेत बहुधा दोन वेळापत्रकं असतात, एक सामान्य वापराचं आणि एक खडतर वापराचं. धूळ, सततची थांबा-चला वाहतूक, जड ओझं, छोट्या फेऱ्या हे खडतर वापरात धरतात. चाकण-तळेगाव रस्ता आणि पुणे-नाशिक महामार्गावर रोज शिफ्टला ये-जा करणाऱ्याने स्वतःला याच गटात धरावं.

इथे बचतीचा अर्थ उलटा होतो. एअर फिल्टर लवकर तुंबतो, तो वेळेआधी साफ करा किंवा बदला. ट्रॅफिकमध्ये अर्धा क्लच दाबून गाडी पुढे-पुढे सरकवायची सवय सोडा, क्लच प्लेट हे सगळ्यात महाग पडणाऱ्या झिजेच्या भागांपैकी एक आहे. चढावर गाडी क्लचवर धरू नका, हँडब्रेक वापरा. ऑइल मात्र कधीच लांबवू नका. ऑइलमध्ये वाचवलेले हजार-दोन हजार इंजिनच्या कामात अनेक पटींनी जातात.

पावसाळ्यात पाणी साचलेल्या रस्त्यात गाडी बंद पडली तर पुन्हा सेल्फ मारू नका. इंजिनमध्ये पाणी गेलेलं असेल तर कनेक्टिंग रॉड वाकतो. साध्या विम्यात हे नुकसान बहुधा नाकारलं जातं, त्यासाठी इंजिन प्रोटेक्ट नावाचं वेगळं कव्हर असतं. गाडी ढकलून बाहेर काढा आणि टो करून न्या.

किरकोळ ठोकर: क्लेम करावा की नको?

बंपर घासला की सर्व्हिस सेंटर म्हणतं, 'क्लेम टाका, तुमचे पैसे लागणार नाहीत.' हिशोब करून बघा.

समजा तुमच्या गाडीचा स्वतःच्या नुकसानीचा प्रीमियम ८,००० रुपये आहे आणि पुढच्या वर्षी ४५ टक्के नो क्लेम बोनस मिळणार होता. क्लेम केला की बोनस शून्य, म्हणजे ३,६०० रुपयांची सूट गेली. शिवाय १,५०० सीसीपर्यंतच्या गाडीला १,००० रुपये स्वतःचे भरावे लागतात. झाले ४,६००. झिरो डेप नसेल तर प्लास्टिकच्या भागांवर ५० टक्के घसारा कापतात, तो वेगळा. बोनसची पायरी पुन्हा २० टक्क्यांपासून चढावी लागते ते आणखी वेगळं. लोकल डेंटर तेच काम याहून कमी रकमेत करून देत असेल तर क्लेम न केलेला बरा.

मोठं नुकसान असेल तर मात्र आधी विमा कंपनीला कळवा, सर्व्हेअर बघून जाऊ दे, मगच गाडी खोलू द्या. नेटवर्कबाहेरच्या गॅरेजमध्येही काम करता येतं, तिथे आधी पैसे भरून नंतर परत मिळतात.

चांगलं गॅरेज ओळखायचं कसं?

मोठा फलक बघून भुलू नका. गोमेकॅनिक ही देशभर पसरलेली गॅरेज साखळी जानेवारी २०२३ मध्ये आर्थिक आकड्यांतल्या गडबडीच्या कबुलीनंतर अडचणीत आली आणि नंतर दुसऱ्यांच्या हाती गेली. साखळी म्हणून हमी कायम टिकेल असं नसतं.

त्यापेक्षा या गोष्टी तपासा. निदानासाठी स्कॅनर आहे का? कामाआधी लेखी अंदाज देतात का? फोन केल्याशिवाय जादा काम करत नाहीत ना? काढलेला जुना पार्ट परत देतात का? नवीन पार्टचा खोका दाखवतात का? बिल देतात का? तुमच्याच मॉडेलच्या गाड्या तिथे उभ्या दिसतात का? पहिल्यांदा ऑइल बदलण्यासारखं छोटं काम देऊन बघा, इंजिन उघडायला थेट देऊ नका.

प्रत्येक कामाचं बिल आणि किलोमीटरची नोंद एका फाइलमध्ये ठेवा. गाडी विकताना अधिकृत केंद्राचा शिक्का नसला तरी ही फाइल भाव टिकवते.

फसवणूक झाली तर?

आधी गॅरेजला किंवा कंपनीला लेखी तक्रार करा. जॉब कार्ड, अंदाज, बिल आणि जुना पार्ट जपून ठेवा. दाद मिळाली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर फोन करा. तरीही काम झालं नाही तर पुण्याच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. मोबदला ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क नाही आणि वकील लावणंही सक्तीचं नाही. अर्ज ऑनलाइनही भरता येतो. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार पैसे घेऊन दिलेली दुरुस्ती ही सेवा आहे, त्यामुळे शोरूम असो की टपरीवजा गॅरेज, दोघांनाही तो सारखाच लागू होतो.

पुढच्या वेळी गाडी सोडायला जाल तेव्हा एवढंच करा. पुस्तिकेतल्या तक्त्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा, जॉब कार्डवर सही करण्याआधी प्रत्येक ओळ वाचा, आणि जे तक्त्यात नाही त्यावर सरळ काट मारा.